दोन चंद्रांच्या राज्यात शक कोणता धरावा?

गोदाकाठ, नांदेड

सर्वांना नमस्कार. एखाद्या काल्पनिक राज्याची बखर वाटावी अशी कादंबरी मी गेली तीन वर्षे लिहीत आहे. राज्याचे नाव मेघवण. तांबडी नावाच्या नदीच्या दोन्ही काठांवर ते वसलेले असून त्याच्या आकाशात दोन चंद्र आहेत, ज्यांना तिथले लोक थोरला आणि धाकटा म्हणतात. कथेचा पट सुमारे चारशे वर्षांचा आहे. घटनांना तारखा देणे सोपे जावे म्हणून मी वर्ष ३६० दिवसांचे, थोरल्याचा महिना ३० दिवसांचा आणि धाकट्याचा १५ दिवसांचा धरला, बारा महिन्यांना नावे दिली आणि एक मोठा तक्ता टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला. मध्यंतरी एका मित्राने हस्तलिखित वाचले आणि ‘तांबडीच्या उताराची लढाई महापूर शके २१२ मध्ये झाली’ या वाक्याखाली पेन्सिलीने लिहिले, ‘हे कोण मोजत होते?’ त्या प्रश्नाला मला अद्याप उत्तर देता आलेले नाही. तारखा एकमेकींशी जुळतात, तरीही त्या जगात कोणी जगत असेल असे वाटत नाही, ही माझी खरी अडचण आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बालाघाट, अंबाजोगाई

आपल्या मित्राने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. कालगणना आधी जन्मते आणि मग लोक ती वापरू लागतात असे सहसा घडत नाही. कोणाला तरी काहीतरी वसूल करायचे असते, पेरायचे असते किंवा पुजायचे असते आणि त्या गरजेतून मोजणी सुरू होते. याचे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला मराठवाड्याबाहेर जाण्याचेही कारण नाही.

हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, त्यामुळे त्याचे महिने ऋतूंमधून मागे सरकत सुमारे ३३ वर्षांत पूर्ण फेरा करतात. धार्मिक आचाराला त्याने काही बाधा येत नाही. शेतसारा वसूल करायचा झाला की मात्र पेच पडतो, कारण तेवढ्या काळात हिजरी वर्षे ३३ भरतात आणि शेतात पिके ३२ वर्षांचीच निघतात. हिजरी वर्षागणिक वसुली केली तर एका वर्षाचा सारा शेतकऱ्याने न पिकलेल्या धान्यातून भरायचा. म्हणून अकबराच्या काळात फसली सन आला. फसल म्हणजे पीक, आणि नावातच हेतू सांगणारी कालगणना मला तरी दुसरी ठाऊक नाही. दख्खनचा फसली शाहजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास सुरू झाला आणि निजामाच्या राज्यात तो अखेरपर्यंत चालला. त्याच्याही आधीचा शुहूर सन, जो मराठ्यांच्या कागदोपत्री सर्वत्र आढळतो, तो सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलतो, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणत.

आता लेखकाच्या उपयोगाची गोष्ट सांगतो. या दोन्ही सनांनी प्रारंभाच्या वर्षाचा हिजरी आकडा जसाच्या तसा उचलला आणि पुढची चाल मात्र सौर वर्षाने ठेवली. शुहूर आणि हिजरी यांचा आकडा ७४५ ला, म्हणजे इ.स. १३४४ मध्ये, एकच होता. आज त्यांच्यात सुमारे २१ वर्षांचे अंतर पडले आहे. फसली आणि हिजरी यांच्यात तेच अंतर सुमारे १२ आहे, कारण फसली नंतर निघाला. म्हणजे दोन सनांमधील फरक पाहून धाकटा सन केव्हा फुटून निघाला हे ओळखता येते. आपल्या मेघवणात मठाचा एक सन आणि कोठाराचा दुसरा सन असू द्यावा, दोघांचा उगम एकाच वर्षी असावा, आणि चारशे वर्षांनंतर कोणा कारकुनाच्या लक्षात यावे की आकडे का जुळत नाहीत. पानभर इतिहास सांगण्याचे काम तेवढ्यात होऊन जाईल.

अहर्गण, छत्रपती संभाजीनगर

माझा आक्षेप आकाशाबद्दल आहे. ३६०, ३० आणि १५ हे आकडे एकमेकांना नि:शेष भागतात आणि असे आकाश फार कंटाळवाणे असते. आपल्या पृथ्वीवर चांद्रमास साधारण २९.५३ दिवसांचा आहे. असे बारा महिने मिळून ३५४.३७ दिवस भरतात आणि सौर वर्षाला जवळजवळ अकरा दिवस कमी पडतात. या अकरा दिवसांच्या तुटीतून सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना येतो, आणि त्या महिन्यातून धोंड्याचे जेवण, अनारसे, जावयाचे चांदीचे ताट आणि त्यावरून होणारे रुसवेफुगवे येतात. तूटच नसती तर यांपैकी काहीही नसते.

म्हणून मी आपल्यासाठी थोडे आकडे मांडून पाहिले. वर्ष ३७२ दिवसांचे, थोरल्याचा महिना २८.४ दिवसांचा आणि धाकट्याचा ११ दिवसांचा घ्यावा. थोरल्याच्या तेरा महिन्यांचे ३६९.२ दिवस होतात, म्हणजे दरवर्षी २.८ दिवस उरतात आणि साधारण दहा वर्षांतून एकदा अधिक महिना धरावा लागतो. दहा वर्षांतून एकदाच येणारा महिना म्हणजे एखाद्या माणसाच्या आयुष्यात तो सहा-सात वेळाच येणार. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचा वाढदिवस केव्हा करायचा, हा प्रश्न तिथल्या आयांना पडल्याशिवाय राहणार नाही.

याहून रंजक बाब पुढे आहे. दोन्ही चंद्र एकाच क्षणी पूर्ण होण्याची घटना, जिला आपण जोडपुनव म्हणू, ती बरोबर १५६२ दिवसांनी घडते, कारण थोरल्याचे ५५ आणि धाकट्याचे १४२ महिने तेवढ्याच दिवसांत संपतात. हे चार वर्षे आणि ७४ दिवस होतात, म्हणून प्रत्येक जोडपुनव आधीच्यापेक्षा ७४ दिवस पुढच्या ऋतूत पडते. पाच जोडपुनवा झाल्या की ७८१० दिवस होतात आणि एकवीस वर्षांचे ७८१२. म्हणजे एकवीस वर्षांनी जोडपुनव जवळजवळ मूळ ऋतूत परत येते, फक्त दोन दिवस अलीकडे. आपल्याकडे प्रभव, विभव असे साठ संवत्सरांचे चक्र आहे, तसे मेघवणात एकवीस वर्षांचे चक्र आपोआप तयार होईल आणि त्यासाठी कोणा ऋषीला स्वप्न पडण्याची गरज उरणार नाही.

एक खोच मुद्दाम ठेवली आहे. १४२ दिवसांनी थोरल्याचे पाच महिने पूर्ण होतात आणि १४३ दिवसांनी धाकट्याचे तेरा, म्हणजे अवघ्या एका दिवसाच्या फरकाने दोघे पूर्ण दिसतात. सामान्य माणसाच्या डोळ्याला ही जोडपुनवच वाटेल आणि गणिती पुरोहित ती नाकारील. जत्रा भरवायची की नाही यावरून दोन गावांत काठ्या निघायला एवढे कारण पुरेसे आहे.

गोदाकाठ, नांदेड

दोघांचेही मनापासून आभार. अहर्गणताई, भिंतीवरचा तक्ता मी काल रात्रीच उतरवला. बालाघाट यांना एक शंका विचारतो. पैठणच्या शालिवाहनाने मातीच्या पुतळ्यांत प्राण फुंकून सैन्य उभे केले, शत्रूला हरवले आणि आपल्या नावाचा शक सुरू केला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माझ्या महापूर शकालाही असाच एखादा कर्ता पुरुष द्यावा का?

बालाघाट, अंबाजोगाई

कथा अवश्य द्यावी, पण शकाचा खरा उगम आणि त्याची कथा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ज्या शकाने आपण आजही गुढीपाडवा मोजतो, त्याचा आरंभ इ.स. ७८ चा. पैठण ही सातवाहनांची राजधानी होती यात संशय नाही. तथापि खुद्द सातवाहनांचे लेख या शकात नाहीत, त्यांत राजाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष एवढेच दिलेले असते. जुन्या लेखांमध्ये या गणनेला शकनृपांचा काळ म्हटले आहे आणि शालिवाहनाचे नाव तिला कित्येक शतकांनंतर चिकटले. म्हणजे ज्या शक राजांशी सातवाहन लढले, त्या राजांचीच गणना पुढे सातवाहनांच्या नावावर जमा झाली! काळाने केलेली ही थट्टा कोणत्याही कादंबरीकाराला सुचण्यासारखी नव्हती. आपल्या महापूर शकाचे तसेच काहीतरी करावे: लोक म्हणतात तो पूर वेगळा आणि कागदावरून निघतो तो पूर वेगळा.

याउलट, मुद्दाम सुरू केलेल्या शकाचा आरंभ दिवसासह ठाऊक असतो. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला झाला आणि राज्याभिषेक शकाचे वर्ष त्याच तिथीला बदलू लागले. आपल्या राज्यात या दोन्ही जातींचे शक असावेत.

तिफण, बीड जिल्हा

मी शेतकरी आहे आणि कादंबऱ्या फावल्या वेळात वाचतो. वरील चर्चा वाचताना एक गोष्ट राहून जाते आहे असे वाटले. सन आणि शक कागद लिहिणाऱ्याला लागतात. आमच्या आजोळच्या आजीला तिचे जन्मसाल कधीच सांगता आले नाही. पोलीस ॲक्शनच्या वेळी ती रांगत होती, एवढे ती खात्रीने सांगे, आणि तेवढ्यावरून १९४८ चा सप्टेंबर आम्ही काढत असू. थोरल्या काकांचे लग्न बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या पहिल्या सुगीतले. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होतो. आमच्या भागात हे तीन खांब पक्के आहेत आणि बाकी सगळे त्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे मोजले जाते. त्यामुळे दोन खांबांच्या मध्ये पडलेल्या घटना हळूहळू जवळच्या खांबाकडे घरंगळत जातात. साधी टंचाई असलेले वर्षही पन्नास वर्षांनी ‘बहात्तरमध्येच’ जाऊन बसते.

वर्षाच्या आतली मोजणीही आम्ही महिन्यांनी करत नाही. पाऊस मृगाचा असतो, आर्द्राचा असतो. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा आणि हस्ताचा तो हत्तीचा. एक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. ‘मृगात पेरले आणि आर्द्रात मोडले’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला दिवसही कळतो आणि बियाण्याचे किती पैसे बुडाले तेही कळते. तिथी चंद्राची असते आणि ही नक्षत्रे सूर्याची, म्हणून ती दरवर्षी त्याच सुमारास येतात. आपल्या मेघवणातील कुणबी थोरल्या-धाकट्याकडे फारसे पाहणार नाहीत, असे मला वाटते.

आणखी एक. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच दिवस लिहिला. आपल्या राज्यातील कारकूनही एखादे आख्खे गाव एकाच दिवशी जन्माला घालू शकेल.

गोदाकाठ, नांदेड

तिफणदादा, हे शेवटचे मी आपल्या परवानगीने उचलतो आहे. खांबांकडे घरंगळणाऱ्या घटनांचे तर एक संपूर्ण प्रकरण होईल.

सेतवार, धाराशिव

जुने महसुली कागद वाचण्याचा मला नाद आहे आणि तो लागण्याचे कारण आमच्याच घरातील एक खरेदीखत आहे. त्यावर ‘अमरदाद १३४६ फसली’ असा काळ होता. निजामी फसलीचे महिने इराणी नावांचे, आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे चालणारे, आणि वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूरने उघडणारे. घरातील एका शिकल्यासवरलेल्या माणसाने १३४६ मध्ये ५९० मिळवले, १९३६ साल काढले आणि अमरदाद म्हणजे जून हे कोणाला तरी विचारून घेतले. त्यावरून खत जून १९३६ चे ठरले. आमचे पणजोबा वारले १९३६ च्या दिवाळीत. म्हणजे बाप जिवंत असताना थोरल्या मुलाने परस्पर जमीन विकली, असा अर्थ झाला आणि भावकीतील दोन घरांचे चार वर्षे बोलणे बंद राहिले. वास्तविक १३४६ फसली ऑक्टोबर १९३६ ला उघडतो, तेव्हा त्यातील अमरदाद १९३७ च्या जूनमध्येच पडू शकतो. जानेवारी लागला की ५९० ऐवजी ५९१ मिळवायचे असतात, एवढ्या एका आकड्यासाठी माझी आत्या माहेरच्या दोन लग्नांना आली नाही.

लेखकाने वर्षारंभ कोठे ठेवला आहे याला म्हणूनच महत्त्व आहे. मठाचे वर्ष हिवाळ्यात उघडत असेल आणि कोठाराचे पावसाळ्यात, तर दोघांमधील फरक वर्षभर एकच राहणार नाही.

दिवस केव्हा उघडतो हाही तितकाच अवघड प्रश्न आहे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला आणि सरकारी कागदात वार गुरुवार आहे. आमच्या गावातील म्हातारी माणसे मात्र आजही ‘अनंत चतुर्दशीच्या रात्री’ असेच म्हणतात. गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते आणि पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे त्यांच्या लेखी बुधवारची रात्र अजून सरलेली नव्हती. हिजरी गणनेने दिवस सूर्यास्तालाच बदलतो, त्या हिशेबाने गुरुवार लागून नऊ तास होऊन गेले होते. तिघांच्याही सांगण्यात चूक नाही. आपली लढाई रात्री झाली असेल, तर दोन्ही काठांच्या बखरींत वार वेगळे येणे स्वाभाविक आहे आणि ते तसेच राहू द्यावे.

अहर्गण, छत्रपती संभाजीनगर

सेतवार यांच्या म्हणण्याला जोडून सांगते की, गत आणि वर्तमान वर्षांचा भेदही विसरू नये. आपण शके अमुक म्हणतो तेव्हा बहुधा तेवढी वर्षे पुरी झालेली असतात. काही लेखांत मात्र चालू वर्ष दिलेले असते आणि आकडा एकाने वाढतो.

हा सगळा गोंधळ पात्रांच्या वाट्याला द्यावा, लेखकाने स्वत: त्यात सापडू नये. त्यासाठी आपल्या ज्योतिषांची जुनी युक्ती घ्यावी. ग्रह कोणताही असो, गणित सुरू करण्यापूर्वी ते आरंभापासून किती दिवस लोटले हे काढतात. माझे येथील नाव त्याच दिनसंख्येचे आहे. कलियुगाचा आरंभ इ.स.पू. ३१०२ धरला की संख्या फार मोठी होते, म्हणून गणेश दैवज्ञांनी शके १४४२ हा जवळचा आरंभ घेतला आणि ४०१६ दिवसांचे, सुमारे अकरा वर्षांचे, चक्र योजून आकडे आटोक्यात ठेवले. आपणही महापुराचा दिवस शून्य धरावा, त्या रात्री जोडपुनव होती असे माना, आणि प्रत्येक घटनेपुढे वहीत फक्त दिनसंख्या लिहावी. ती वही वाचकाला कधीही दाखवू नये.

उदाहरणादाखल, महापूर शके २१२ गत म्हणजे ७८,८६४ दिवस झाले. लढाई त्या वर्षाच्या कितव्या दिवशी आहे?

गोदाकाठ, नांदेड

एकशेचाळिसाव्या. पाऊस उघडून उतार नुकताच मोकळा झालेला असतो. दाट अंधारात, मशाली न पेटवता, मेघवणचे घोडदळ नदी उतरते आणि पलीकडच्या छावणीला शेवटपर्यंत सुगावा लागत नाही. संपूर्ण प्रकरण त्या अंधारावर उभे आहे.

अहर्गण, छत्रपती संभाजीनगर

मग वाईट बातमी आहे. दिनसंख्या ७९,००४. त्याआधीची जोडपुनव ७८,१०० ला झाली, म्हणजे मध्ये ९०४ दिवस गेले. ९०४ ला धाकटा नुकताच, दोनच दिवसांपूर्वी, पूर्ण होऊन गेला आहे आणि थोरला पाच दिवसांत पूर्ण होणार आहे. आपले घोडदळ दोन चंद्रांच्या उजेडात नदी उतरते आहे आणि छावणीतल्या पहारेकऱ्याला घोड्यांचे रंगसुद्धा दिसत असणार.

तिफण, बीड जिल्हा

हसू आवरत नाही, क्षमस्व.

गोदाकाठ, नांदेड

मलाही आवरले नाही, मात्र थोड्या वेळाने. काही मार्ग आहे का?

अहर्गण, छत्रपती संभाजीनगर

नऊ दिवस अलीकडे या. ८९५ ला थोरल्याची अवस होऊन अर्धाच दिवस झालेला आहे आणि धाकट्याची दीड दिवसावर आली आहे. रात्रभर आकाशात काहीच नसेल. पहाटेच्या अगदी आधी धाकट्याची एक बारीक कोर पूर्वेला उगवेल. ती कोर पहारेकऱ्याला दिसावी की नाही, हे आपण ठरवावे.

बालाघाट, अंबाजोगाई

कोर दिसू द्यावी, असे माझे मत आहे. आणि लढाईच्या शिलालेखासाठी एक सुचवतो. आपल्याकडे आकडे शब्दांनी लिहिण्याची रीत आहे: चंद्र म्हणजे एक, बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा, नंद म्हणजे नऊ, आणि वाचायचे एकम स्थानापासून, उलटे. त्या रीतीने ‘रस-नंद-बाण-चंद्र’ म्हणजे १५९६. शुहूर सनही अरबी शब्दांत असाच एकमापासून लिहीत, जसे ‘सलास खमसैन मया अलफ’, म्हणजे तीन, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५३. मेघवणात मात्र शब्दांचे मोल बदलेल. आपला एकच चंद्र, म्हणून तो एक. तिथे चंद्र म्हटले की दोन. एक म्हणजे सूर्य.

सेतवार, धाराशिव

मग २१२ हे ‘चंद्र-सूर्य-चंद्र’ होते. हा लेख उलटा वाचला काय आणि सुलटा वाचला काय, वाचणारा चुकणार नाही.

गोदाकाठ, नांदेड

काल रात्री ते पान पुन्हा लिहिले. उत्तर काठाच्या बखरीत आता ‘चंद्र-सूर्य-चंद्र या वर्षी, भौमवारच्या रात्री’ असे आहे. दक्षिण काठाच्या बखरीत चालू वर्ष, म्हणजे २१३, आणि वार पुढचा आहे. उताराजवळच्या गावातील म्हातारी मात्र एवढेच सांगते की, पाऊस उघडला होता, धाकटी कोर अजून वर यायची होती आणि तिच्या पोटात तेव्हा तिचा दुसरा मुलगा होता. मित्राला पान पाठवले आहे. पेन्सिलीची खूण या वेळी त्याने २१३ च्या खाली केली असून, ‘हा छापण्यातील दोष आहे का?’ असे विचारले आहे.

अहर्गण, छत्रपती संभाजीनगर

त्यांना सांगू नका.